मौनावरून अनुमान : देसाईगंज खटल्याचे तीन निवाडे आणि गोंदिया जिल्ह्याचीं दप्तरें

कागदपत्रांवरून इतिहास लिहूं पाहणाऱ्यास पहिला पाठ शिकावा लागतो तो असा कीं, एखादी गोष्ट कागदांत लिहिलेली नाहीं एवढ्यावरून ती घडलीच नाहीं असें ठरवितां येत नाहीं. एका सालच्या मामलेदारी दप्तरांत दुष्काळाचें नांव नाहीं म्हणून त्या सालीं पाऊस भरपूर झाला, असें लिहिणाऱ्या गृहस्थांस आपल्या मंडळींत कोणी क्षमा करीत नाहीं. कागद कोणीं लिहिला, कोणापुढें लिहिला, सांगणारानें कोणत्या भाषेंत सांगितलें व तें कोणत्या भाषेंत उतरलें, काय विचारलें गेलें आणि काय विचारलेंच गेलें नाहीं, इतकें पाहिल्यावांचून कागदाच्या मौनास अर्थ देऊं नये, हा आपला दंडक आहे. तो मोडला गेला तर आपल्या क्षेत्रांत फार तर एखाद्या घराण्याची वंशावळ चुकते. परंतु तोच प्रमाद न्यायासनावरून किंवा सरकारी कचेरींतून घडला म्हणजे त्याचें मोल बायकामुलींस द्यावें लागतें. अशा एका प्रमादाचें परीक्षण प्रस्तुत लेखांत करावयाचें योजिलें आहे.

विषय अलीकडचा आहे, आणि सनदा व बखरी यांत रमणाऱ्या कांहीं वाचकांस तो या त्रैमासिकाच्या कक्षेबाहेरचा वाटेल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या कागदांस पन्नास वर्षें उलटलीं व ज्यांच्या तीन प्रती तीन प्रकारें वाचल्या गेल्या, ते कागद आपले झाले. त्यांचें वाचन शुद्ध झालें कीं अशुद्ध हें सांगण्याचा अधिकार कायदेपंडितांइतकाच आपल्यासहि आहे.

प्रथम स्थळाविषयीं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून निराळा झाला. गोंदिया, गोरेगांव, तिरोडा, आमगांव, सालेकसा, देवरी, सडक-अर्जुनी व अर्जुनी-मोरगांव असे त्याचे आठ तालुके. गोंदियाहून नागभीडकडे जाणारी रेल्वे धानाच्या बांध्यांतून दक्षिणेस उतरत अर्जुनी ओलांडते, आणि जिल्ह्याची हद्द संपतांच वडसा ऊर्फ देसाईगंज लागतें. हें गांव पूर्वीं चांदा जिल्ह्यांत होतें. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा निर्माण झाला तेव्हां तें त्यांत गेलें. जिल्ह्यांच्या सीमा दप्तरांस बांधतात. सोयरिकी, मजुरी व बाजारहाट यांस बांधीत नाहींत. अर्जुनी-मोरगांवचा माणूस वडशास परका नाहीं. म्हणून गोंदिया जिल्ह्यांत आज स्त्रियांच्या रक्षणार्थ जीं दप्तरें सरकार ठेवीत आहे, त्यांचें मूळ पाहूं गेल्यास तें या शेजारच्या ठाण्यांत सांपडतें.

२६ मार्च १९७२ च्या रात्रीं देसाईगंज ठाण्यांत एक आदिवासी मुलगी आणली गेली. ती पोरकी होती व मोलमजुरी करून भावापाशीं राहत असे. जिच्या घरीं ती कामास जाई तिच्या नात्यांतील एका तरुणाशीं तिचें सूत जुळलें होतें. त्या तरुणानें व त्याच्या माणसांनीं तिला पळविलें अशी खबर भावानें दिली, म्हणून सर्वांस ठाण्यांत बोलाविलें गेलें. जबान्या झाल्या, रात्रीचे साडेदहा वाजले, आणि जमादार घरीं जातांना भावास सांगून गेला कीं, मुलीच्या जन्मनोंदीची नक्कल आणावी. मंडळी बाहेर पडत असतां ठाण्यांतील दोघां पोलिसांनीं मुलीस मागें ठेवून घेतलें व दार लावलें. पुढें काय घडलें म्हणून तिनें सांगितलें तें न्यायालयाच्या कागदांत आहे. येथें तें फिरून लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. बाहेर जमाव जमला, ती बाहेर आली आणि तिनें तेथल्या तेथें सर्वांदेखत सांगितलें. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशीं रात्रीं आठ वाजतां झाली. अंगावर जखमेची खूण नाहीं व वय चौदा ते सोळा वर्षांचें असावें, असें डॉक्टरांनीं लिहिलें.

या मुलीचें नांव त्या खटल्यास कायमचें चिकटलें आहे. कायद्याच्या वृत्तांतग्रंथांत मात्र तो खटला आरोपीच्या नांवानें निघतो. आम्ही दोन्हीं नांवें येथें छापीत नाहीं. त्याचें कारण पुढें येईल.

एकाच रात्रीच्या या कागदांवर तीन निवाडे झाले. चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनीं १ जून १९७४ रोजीं दोघांसहि सोडलें. शरीरसंबंध झाला असावा, परंतु तो तिच्या राजीखुषीनें. ती सोळा वर्षांखालील होती हें शाबीत नाहीं. आणि ती खोटें बोलणारी मुलगी आहे, असा त्या निवाड्याचा आशय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें १२ ऑक्टोबर १९७६ रोजीं तो निवाडा फिरविला. ज्यांची तोंडओळखहि नाहीं अशा पोलिसांनीं, ठाण्याच्या दाराआड, ज्या मुलीविषयीं चौकशी चालू आहे तिला अडविलें असतां तिनें मुकाट्यानें सोसलें, तर त्यास संमति म्हणत नाहींत, असें खंडपीठाचें म्हणणें. एकास पांच वर्षें व दुसऱ्यास विनयभंगाबद्दल एक वर्ष अशी शिक्षा झाली. तिसरा निवाडा सर्वोच्च न्यायालयाचा, १५ सप्टेंबर १९७८ चा, न्या. कोशल यांनीं लिहिलेला. त्यांत दोघेहि पुन्हा सुटले. अंगावर झटापटीची खूण नाहीं, तेव्हां प्रतिकार केल्याची हकीकत बनावट. सोबतचीं माणसें जवळ असतां तिनें त्यांस हांक मारली नाहीं. भय घातल्याचा पुरावा नाहीं. म्हणून संमति होती, असा तो युक्तिवाद आहे.

आतां परीक्षण. या तिसऱ्या निवाड्यांत दोष कोठें आहे याविषयीं कायदेपंडितांनीं पुष्कळ लिहिलें आहे. संशोधकाच्या दृष्टीनें तो दोष दुहेरी आहे. मुलीची तकरीर मौन नव्हती. आपण ओरडलों, हात सोडवूं पाहिला, असें तिनें सांगितलें होतें, आणि दार उघडतांच जमावापुढेंहि सांगितलें होतें. न्यायालयानें ही तकरीर बाजूस सारली. आणि जागा अशी मोकळी झाल्यावर तिचें शरीर हाच जणू कागद मानून त्यावर व्रण लिहिलेला नाहीं, या मौनावरून संमति वाचली. वीस तासांनंतर झालेली तपासणी, भीतीनें लुळें पडलेलें शरीर, बंद दार, वर्दी घातलेले दोन पुरुष, हें सर्व त्या मौनाचें संदर्भसाहित्य होय. संदर्भ टाकून मजकूर वाचणें किती घातक असतें हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. खंडपीठानें संदर्भ वाचला. त्याचें वाचन अधिक शुद्ध होतें असें आमचें स्पष्ट मत आहे.

जन्मनोंदीचा मुद्दा तर आपल्या मंडळींनीं विशेष ध्यानांत घेण्याजोगा आहे. त्या काळच्या कायद्याप्रमाणें मुलगी सोळा वर्षांखालील ठरती तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. त्या रात्रीं जमादारानें मागितलेली नक्कल, म्हणजे एका ओळीची नोंद, हा या खटल्यांतील सर्वांत मोलाचा कागद होता. निवाडा चालला तो त्या कागदावांचून, डॉक्टरांच्या अजमासावर. जुन्या मध्यप्रांताच्या मुलखांत जन्ममृत्यूची नोंद असलेलीं कोतवालपुस्तकें आजहि जातीच्या दाखल्याकरितां लोक शोधीत फिरतात, आणि आमच्या परिचयाचे कित्येक संग्राहक ‘त्यांत काय आहे’ म्हणून तीं नाकारतात. त्यांत काय असूं शकतें याचें हें एक उदाहरण.

भाषेचीहि गोष्ट येथेंच सांगून टाकतों. वैनगंगेच्या या खोऱ्यांत झाडीबोली, गोंडी, पोवारी, छत्तीसगढी व हलबी बोलणारीं घरें एकाच गांवांत असतात. स्त्री सांगते आपल्या बोलींत; ठाण्यांतील लेखक उतरून घेतो पोलिसी मराठींत; आणि वरिष्ठ न्यायालयांत तें जातें इंग्रजींत. ‘मी’ म्हणून बोलणारी तकरीर प्रत्यक्षांत तिघांचें लेखन असतें. पाठभेद पाहिल्यावांचून आपण पोवाडाहि छापीत नाहीं. तिच्या सांगण्यांत विसंगति दिसली म्हणून तिला लबाड ठरविण्यापूर्वीं, ती विसंगति सांगणारीची कीं लिहिणाराची, हें पाहणें अगत्याचें होतें.

या संबंधांत जुन्या मराठी न्यायपद्धतीकडे वळून पाहिल्यास एक मौजेची, आणि तितकीच लज्जेची, गोष्ट दिसते. वतनाचा वा जमिनीचा तंटा पंचायतीपुढें आला म्हणजे वादी व प्रतिवादी यांच्या तकरिरी होत, जामीन घेतले जात, आणि पंचायत सांगेल तें मान्य आहे असा राजीनामा दोघांकडून लिहून घेतला जाई. आज ‘राजीनामा’ म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद झाला आहे. मूळ अर्थ राजी असल्याचें लेखीपत्र. म्हणजे चार बिघे जमिनीच्या वादांत गप्प बसलेला मनुष्य राजी आहे असें आमचे पूर्वज धरीत नसत; त्याच्याकडून लिहून घेत. परंतु स्त्रीच्या बाबतींत त्याच काळचे कागद पाहावे. ‘बदअमल’ हा शब्द वाचकांस परिचित आहे. अमक्यानें अमकीशीं बदअमल केला, सबब गुन्हेगारी घेतली, एवढी नोंद सांपडते. तेवढ्या एका शब्दावरून तिची संमति होती कीं तिच्यावर बळजोरी झाली, हें कळण्यास मार्ग नसतो. दंड पुरुषास झाला तरी तो कोणत्या अपराधाबद्दल, घराच्या अब्रूबद्दल कीं तिच्या देहाबद्दल, याचा उलगडा होत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं तर तिलाच अटकेंत ठेवून बटीक केल्याचें दिसतें. जमिनीस राजीनामा आणि स्त्रीस नुसता एक शब्द, ही जी आमच्या दप्तरांतील तफावत, तीच १९७८ च्या निवाड्यांत इंग्रजी पोशाख घालून उभी राहिली. पेशवाईचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या कांहीं मित्रांस हें वाक्य रुचणार नाहीं. परंतु कागद त्यांच्याचकडे आहेत, त्यांनींच ते तपासून आमची चूक दाखवावी.

निवाड्यास एक वर्ष होतें न होतें तोंच, १६ सप्टेंबर १९७९ रोजीं, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें. यांपैकीं वसुधा धागमवार या वऱ्हाडांतील कादंबरीकर्त्या गीता साने यांच्या कन्या. पत्रांतील मुख्य मुद्दा संमति व शरणागति यांतील भेदाचा होता. तें पत्र म्हणजे अशुद्ध वाचनावरील उत्तम टीकालेख आहे, आणि समीक्षा शिकूं इच्छिणाऱ्यानें तें त्याच नजरेनें वाचावें. पुढें ८ मार्च १९८० रोजीं अनेक शहरांत स्त्रियांनीं मोर्चे काढले. पुनर्विचाराचा अर्ज मात्र फेटाळला गेला. खटला तसाच राहिला, कायदा बदलला. १९८३ च्या दुरुस्तीनें पुरावा कायद्यांत ११४-अ हें कलम आलें : पोलिसांच्या वा अशाच सत्तेखालीं असतां संबंध शाबीत झाला, आणि आपली संमति नव्हती असें स्त्रीनें न्यायालयांत सांगितलें, तर संमति नव्हती असेंच न्यायालयानें गृहीत धरावें. पोलिसानें केलेल्या अपराधास किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. पीडितेचें नांव छापण्यास २२८-अ कलमानें बंदी झाली. वर आम्ही तिचें नांव टाळलें तें या कलमाच्या हेतूस अनुसरून. त्याच सालच्या दुसऱ्या दुरुस्तीनें नवऱ्याच्या व सासरच्या छळाविषयींचें ४९८-अ कलम आलें. आणि अंगानें प्रतिकार केला नाहीं एवढ्यावरून संमति मानूं नये, हें वाक्य कायद्यांत प्रत्यक्ष लिहिलें जावयास २०१३ साल उजाडावें लागलें. १ जुलै २०२४ पासून हे सर्व नियम नव्या संहितांत नव्या क्रमांकांनीं आले आहेत. ११४-अ चें आतां भारतीय साक्ष्य अधिनियमाचें १२० वें कलम झालें आहे.

म्हणजे ठाण्याच्या एका खोलींतील मौनाचा अर्थ शुद्ध करण्यास राज्याला एक्केचाळीस वर्षें लागलीं. तें शेवटीं झालें याबद्दल सरकारास श्रेय दिलेंच पाहिजे. महाराष्ट्रापुरतें पाहतां १९९३ चा राज्य महिला आयोग, १९९४ चें महिला धोरण, २००६ पासून अमलांत आलेला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा व त्याखालील संरक्षण अधिकारी, २ ऑक्टोबर २०१३ पासूनची मनोधैर्य योजना, २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत उघडत गेलेलीं ‘सखी’ केंद्रें, १८१ ची हांकेची दूरध्वनिसेवा, अशी ही मालिका आहे. तिचा तपशील अन्यत्र मिळतो. २०२१ सालीं दोन्हीं सभागृहांनीं संमत केलेलें ‘शक्ति’ विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीवांचून अमलांत आलें नाहीं. त्याचा सरकारी प्रयत्नांत उल्लेख करणाऱ्यांनीं मसुदा व सनद यांतील भेद आपल्याकडून शिकावा.

आतां खुद्द गोंदिया जिल्ह्याकडे येऊं. कारण न्यायालयांत जो प्रमाद दुरुस्त झाला तोच कचेरींत निराळ्या वेषांत वावरत आहे, अशी आम्हांस शंका आहे.

या जिल्ह्याविषयीं एक आंकडा वारंवार अभिमानानें सांगितला जातो. २०११ च्या शिरगणतींत येथें हजार पुरुषांमागें ९९९ स्त्रिया भरल्या; राज्याचें प्रमाण त्या वेळीं ९२९ होतें. यावरून येथें स्त्रीचा मान मोठा, असें भाषणांतून निघतें. आंकडा खरा आहे. वाचन उतावीळ आहे. सहा वर्षांखालील मुलांत हेंच प्रमाण ९५६ वर येतें. राज्याच्या ८९४ पेक्षां तेंहि पुष्कळ बरें, आणि गर्भांतील मुलीचा घात येथें तुलनेनें कमी होतो असें त्यावरून म्हणावयास जागा आहे. आदिवासी वस्ती व धानाच्या रोवण्यास लागणारे स्त्रियांचे हात, हीं त्याचीं कारणें असावींत. परंतु मुलगी जन्मास येऊं देणें व जन्मलेल्या बाईवर हात न उगारणें या दोन निराळ्या गोष्टी होत. पहिलीच्या नोंदीवरून दुसरीचें अनुमान काढतां येत नाहीं. शिवाय मोठ्या माणसांच्या संख्येंत, पोटासाठीं नागपुराकडे गेलेल्या पुरुषांची अनुपस्थिति स्त्रियांच्या पारड्यांत पडते, हेंहि विसरूं नये.

दुसरा आंकडा तक्रारींचा. अमुक ठाण्यांत यंदा तक्रारी घटल्या म्हणजे अत्याचार घटला, असें अहवालांत लिहिण्याची पद्धति आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरींत (२०१९–२१) अठरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित वा कधीं काळीं विवाहित असलेल्या स्त्रियांपैकीं २९.३ टक्के स्त्रियांनीं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचें सांगितलें. हिंसा सोसलेल्यांपैकीं मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के. ७७ टक्के स्त्रियांनीं मदतहि मागितली नाहीं व कोणापाशीं वाच्यताहि केली नाहीं. ही हिंदुस्थानभरची गोष्ट झाली. त्याच पाहणीचीं जिल्हावार पत्रकें निघतात, त्यांत गोंदियाचेंहि एक आहे. लसीकरण, रक्तक्षय, पाण्याची सोय इत्यादि सर्व त्यांत सांपडतें. घरांतील हिंसेचें कोष्टक मात्र जिल्हावार निघतच नाहीं, कारण तो प्रश्न निवडक घरींच विचारला जातो व त्याचें उत्तर राज्यापुरतें काढलें जातें. म्हणजे जिल्ह्यापुरता जो एकमेव कागद उरतो तो ठाण्यांचा व संरक्षण अधिकाऱ्यांचा. शंभरांतील सत्याहत्तर बाया जेथें कोणासहि सांगत नाहींत, तेथें ठाण्याची नोंदवही कोरी राहिली तर त्या कोरेपणास शांतता म्हणणें, आणि व्रण नाहीं म्हणून संमति म्हणणें, यांत तर्कदृष्ट्या कांहीं अंतर आहे असें आम्हांस दिसत नाहीं. उलट नवें ‘सखी’ केंद्र उघडल्यावर तक्रारी वाढल्या तर त्या केंद्राचें तें यश समजावें. अहवाल लिहिणाऱ्यास तें भूषण वाटत नाहीं, ही गोष्ट निराळी.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण तिच्यांत चांगुलपणाचा अंश मोठा आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजीं राज्यांत महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेनें समिति नेमावी, तिनें गांवांतील दिवाणी, महसुली व कायद्यानें तडजोडीस योग्य असे फौजदारी तंटे सामोपचारानें मिटवावे, नोंदवह्या ठेवाव्या, आणि गांव तंटामुक्त ठरल्यास लोकसंख्येच्या मानानें बक्षीस मिळावें, अशी योजना. सालेकसा वा देवरीच्या रानांतील खेड्यास ठाणें दूर आणि समिति ओसरीवर. बांधाच्या भांडणापायीं दोन पिढ्या कचेरीचे उंबरठे झिजविण्यापेक्षां हें शतपटीनें बरें. प्रेमिकांच्या घरच्यांचा विरोध मोडून समितीनेंच लग्न लावून दिल्याच्या बातम्या भंडारा व गोंदिया जिल्ह्यांच्या वृत्तपत्रांत नेहमीं येतात. देसाईगंजच्या त्या मुलीचें व त्या तरुणाचें प्रकरण १९७२ सालीं ठाण्याऐवजीं अशा ओसरीवर गेलें असतें तर, हा विचार आमच्याहि मनांत येऊन गेला, आणि तो आम्ही लपवीत नाहीं.

परंतु ज्या कागदास बक्षीस जोडलेलें असतें तो कागद संशयानें वाचावा, हा संशोधनाचा जुना नियम आहे. इनाम मिळविण्याकरितां लिहिलेल्या कैफियतींत पूर्वजांचे पराक्रम किती फुगतात हें आपण जाणतों. तंटामुक्तीच्या नोंदवहींत फुगते ती शांतता. नवऱ्यानें मारलें म्हणून बाई समितीपुढें आली, तर ४९८-अ चा अपराध तडजोडीस योग्य नाहीं, म्हणून तो समितीच्या अधिकाराबाहेर. परंतु ‘घरगुती भांडण, समज देऊन समेट केला’ एवढें लिहिलें कीं तेंच प्रकरण अधिकारांत येतें आणि मिटलेल्या तंट्यांत मोजलें जातें. ‘समेट’ हा शब्द ‘बदअमल’ या शब्दाचा धाकटा भाऊ आहे. बाई राजी होती कीं माहेरची वाट बंद म्हणून परतली, हें त्यावरून कळत नाहीं. जुन्या पंचायतीप्रमाणें येथें तिचा राजीनामा, तिच्या बोलींत, तिच्या सहीनें व एखाद्या बाईच्या साक्षीनें घेतला जाईल, आणि पुढें सहा महिन्यांनीं पुन्हा विचारून त्याखालीं शेरा लिहिला जाईल, तर त्या नोंदवहीस पुरावा म्हणतां येईल. कायद्यानें नेमलेला संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल ठराविक नमुन्यांत लिहितो; त्यांत मारहाण, शिवीगाळ, पैशाची अडवणूक यांस निरनिराळे रकाने आहेत. समितीच्या वहींत एकच रकाना, तंट्याचें स्वरूप. रकानाच नसेल तर लिहिणारा तरी काय करील?

ठाण्यांत आलेली स्त्री ही स्वतःच एक नोंद असते, हें २०२२ च्या जुलै–ऑगस्टमधील प्रकरणानें पुन्हा दाखविलें. गोंदिया जिल्ह्यांतील गोरेगांव व भंडाऱ्यांतील लाखनी यांच्या परिसरांत एका स्त्रीवर लागोपाठ अत्याचार झाले. मध्यंतरी ती लाखनीच्या ठाण्यांत पोंचली होती. तेथून ती पुन्हा एकटी बाहेर पडली, आणि त्यानंतर तिच्यावर दुसऱ्यांदा अत्याचार झाला. ठाण्यांतील पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली, विशेष तपासपथक नेमलें गेलें, विधिमंडळांत चर्चा झाली. स्त्रीची जबानी स्त्री-अधिकाऱ्यानें घ्यावी हा नियम तेव्हां नऊ वर्षांचा जुना होता. हद्दीची सबब न सांगतां खबर लिहून घ्यावी, हें आतां २०२४ पासून लागू झालेल्या संहितेंत कलम म्हणून आलें आहे. देसाईगंज व लाखनी यांच्यामध्यें पन्नास वर्षें व सहा-सात कायदे आहेत. त्या रात्रीच्या ठाणेदैनंदिनीच्या पानावर काय लिहिलें गेलें, आणि तें कोणत्या वेळीं लिहिलें गेलें, हें पाहणें पुढील संशोधकाचें काम राहील, जर तें पान तोंवर राहिलें तर.

आणि येथेंच संग्राहकांचा संबंध पोंचतो. सरकारी कचेऱ्यांत कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वा पांच वर्षांचा, आणि ‘ड’ वर्षभराचा. धोरणाचा शासननिर्णय कायम राहतो. तें धोरण गांवांत पोंचलें कीं नाहीं हें सांगणारीं चिठोरीं, आवकजावक वह्या, समितीचीं इतिवृत्तें, पोलीस पाटलाचे अहवाल, हीं प्रथम भट्टींत जातात. शंभर वर्षांनीं गोंदिया जिल्ह्यांतील स्त्रियांचा इतिहास लिहिणारापुढें सरकारचे हेतु तेवढे असतील, त्यांचें फळ दाखविणारें कांहीं नसेल. आणि तो बिचारा हेतूंवरून फळाचें अनुमान काढील. मोहिमेच्या पहिल्या वर्षांतील ग्रामपंचायतींच्या नोंदवह्यांस आतां अठरा वर्षें होत आलीं. वाळवीस एवढीं पुष्कळ होतात.

आमगांव, तिरोडा व अर्जुनी-मोरगांवकडे ज्या सभासदांचें जाणेंयेणें आहे, त्यांनीं तेथील ग्रामसेवकांस भेटून अशा वह्या कोठें आहेत याची यादी तरी करावी. मूळ प्रत मागूं नये. ती कचेरीचीच राहिली पाहिजे. परवानगीनें छायाचित्रें घ्यावीं. एरव्हीं आपण कागदांतील प्रत्येक नांव जसेंच्या तसें छापतों, आणि तसें न करणाऱ्यास दोष देतों. येथें तो नियम उलटा करावा, व बाईचें, तिच्या गांवाचें व नात्यांतील माणसांचें नांव झांकून, तिनें काय सांगितलें व काय लिहिलें गेलें एवढेंच उतरावें. बोलींतील शब्द लेखकानें कोठें बदलला असेल तर तो ओळखूं येतो. त्यास टीप द्यावी. आणि यादींत प्रत्येक वहीपुढें लिहिलेलीं पानें किती व कोरीं किती, हें दोन्हीं आंकडे द्यावे.